न हलणारा माणूस

हे आजवर माझ्या तोंडून कुठेही बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलेलं नाही — आणि त्याला मी एरवी भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा सांगते. बाबांना तर नाहीच नाही. एकदा अंबाबाईपुढे हात जोडून उभी होते, म्हटलं, निदान हिला तरी सांगावं. पण मागून रांग ढकलत होती, आणि खरं बोलायचं तर मला तेवढं निमित्त पुरलं. प्रसाद घेऊन घरी आले.

तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की आता पोटात ठेवणं जमत नाही म्हणून? कारण शोधत बसले तर पुन्हा टाळाटाळ होईल, आणि टाळाटाळीत मी किती तरबेज आहे ते तुम्हाला पुढे कळेलच.

प्रकरण तसं लहान आहे. मी एक खोटं बोलले. एका श्वासात संपेल एवढं वाक्य. पण ते एकदम सांगितलं तर तुम्ही म्हणाल, एवढंच ना? मीही बरेच दिवस स्वतःला तेच म्हणत होते. म्हणून आधी शिदू अण्णा कोण, ते सांगते.

आमचे बाबा हायस्कुलात ड्रॉइंगचे मास्तर. रविवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी, हॉलमध्ये, त्यांचा व्यक्तिचित्रांचा वर्ग भरायचा. सतरंजी, ईझल, टर्पेंटाइनचा वास, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत मुलांपुढे बसवलेला एक माणूस. आमच्या कोल्हापुरात चित्रकार इतके, की गल्लीत दगड भिरकावला तर एखाद्याला लागायचाच. त्यामुळे त्यांच्यापुढे नुसतं बसणं हेही इथं एक काम आहे, आणि त्या कामात शिदू अण्णांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते गडहिंग्लजकडच्या नेसरीचे. थोडी शेती, दोन म्हशी. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचे, रात्री आमच्याच हॉलमध्ये झोपायचे आणि सकाळी लाल पटका बांधून, मिशी नीट करून खुर्चीत बसायचे. बसले की बसले.

मी लहान असताना मुलांच्या पाठीमागे उभी राहून त्यांना वेडावून दाखवायची. जीभ काढायची, डोळे फिरवायची. एकदा त्यांच्या नाकावर माशी बसलेली मी पाहिली. ती कंटाळून उडून गेली, अण्णांची नाकपुडीसुद्धा हलली नाही. बाबांनी "शिदू, ऊठ" म्हटलं की अंग सैल सोडायचे आणि सगळ्यात आधी माझ्याकडे वळायचे. "अक्का, तुझ्यापरास माकडं बरी की गं!" तिकडं कर्नाटकाच्या कडेला लहान पोरींनाही लाडानं अक्का म्हणतात, म्हणून मी त्यांची अक्का.

मास्तर ऊठ म्हणत नाहीत तोवर उठायचं नाही, हा त्यांचा नियम. कुणी घालून दिलेला नव्हता, त्यांचा त्यांनीच ठरवलेला. एका रविवारी बाबा फोन घ्यायला आत गेले आणि शाळेतल्या कसल्याशा वादात अडकून पडले. मुलं वाट बघून सामान आवरून निघून गेली. बाबा बाहेर आले तर रिकाम्या हॉलमध्ये अण्णा तसेच, नजर खिडकीकडे. "ऊठ म्हणाला न्हाईसा न्हवं," एवढंच म्हणाले. आम्ही पोट धरधरून हसलो. पाहुणे आले की ही गोष्ट सांगायची, असं आमच्या घरात ठरूनच गेलं होतं.

मी पुढे इंजिनियर झाले. एका कॉलेजात कराराच्या नोकरीवर शिकवत होते, पण जीव अडकला होता एका संशोधनात. शहरातल्या एका एमआरआय केंद्रात, तिथल्या डॉक्टरांबरोबर ते चालू होतं. त्यांना मी सर म्हणते. विषय होता मेंदूचा घट्टपणा मोजण्याचा. ऐकायला विचित्र वाटतं ना? विरजण लागलंय का बघायला आपण भांडं किंचित हलवतो, आणि वरचा थर कसा थरथरतो त्यावरून दही घट्ट झालं की अजून पातळ आहे ते ओळखतो. हे तसंच. तपासणीच्या वेळी डोक्याखाली एक उशी असते. ती बारीक बारीक थरथरत राहते, त्यानं मेंदूत लाटा उठतात आणि यंत्र त्या लाटांची चित्रं घेतं. वय झालं की मेंदू थोडा मऊ होतोच. पण विस्मरणाच्या काही आजारांत तो जास्त मऊ पडतो, असं या क्षेत्रातले लोक सांगतात.

अडचण होती वेळेची. चित्रं पुष्कळ घ्यावी लागतात, आणि तोवर माणसानं डोकं हलवायचं नाही. ज्यांना याचा उपयोग व्हायचा ती थकलेली, गोंधळलेली म्हातारी माणसं यंत्राच्या त्या बोगद्यात किती वेळ निपचित पडून राहणार? म्हणून थोडीच चित्रं घ्यायची आणि मधल्या गाळलेल्या जागा कॉम्प्युटरनं भरून काढायच्या, असा प्रोग्राम मी लिहीत होते. बाहेर बसलेल्या मुलाचा चहा पिऊन होतोय तोवर आत आईची तपासणी संपली पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगायची. ते मला मनापासून वाटत होतं, अजूनही वाटतं.

पण लहान तपासणी खरं बोलते हे दाखवायचं कसं? तर एकाच माणसाच्या दोन्ही करायच्या — सगळ्या चित्रांची मोठी आणि थोड्या चित्रांची लहान — आणि ताडून पाहायच्या. त्यासाठी वय झालेली, धडधाकट आणि मोठ्या तपासणीत अजिबात न हलणारी माणसं हवी होती. अशी आणायची कुठून? सर डोकं धरून बसले होते. मी म्हटलं, सर, चित्रकारांपुढे बसणारी माणसं आणूया की. सर टेबलावर हात आपटून हसले. हे फक्त कोल्हापुरातच सुचू शकतं, म्हणाले. मला त्या दिवशी काय मोठं वाटलं म्हणून सांगू!

बाबांच्या ओळखीनं माणसं आली. पहिला होकार अण्णांचा. काय करायचंय, कशासाठी, सगळं मी समजावून सांगत होते, तर मधेच थांबवून म्हणाले, "अक्काचं काम हाय न्हवं? मग इचारायचं काय त्यात?"

त्यांची तपासणी एका रविवारी वर्ग सुटल्यावर झाली. आधी मोठी, मग लहान. यंत्र मीच चालवत होते आणि काचेतून त्यांच्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "यष्टीच्या मागच्या शिटावर झोपल्यागत वाटतंय बघ. बाकी काय न्हाय." आणि पटका बांधायला बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी आत पडद्यावर आकडे येण्याची वाट बघत राहिले.

बाकी सगळ्यांच्या दोन्ही तपासण्या जुळल्या होत्या. अण्णांच्या जुळल्या नाहीत. मोठीत मेंदूचा एक भाग वयाच्या मानानं बराच मऊ दिसत होता. लहान तपासणीत सगळं छान.

हलले असतील का? माझ्याही मनात आधी तेच आलं. हललेल्या माणसाचं चित्र लपत नाही, कडा दुहेरी होतात. मी चित्रं मोठी करकरून पाहिली. रेघ न् रेघ स्वच्छ. आमच्याकडे आलेल्या सगळ्या माणसांत सगळ्यात स्वच्छ चित्रं अण्णांची होती.

मग माझ्या ध्यानात आलं. माझा प्रोग्राम गाळलेल्या जागा कशाच्या जोरावर भरत होता? आधी पाहिलेल्या डोक्यांच्या. ती सगळी डोकी निरोगी. म्हणजे जिथं त्यानं बघितलेलंच नव्हतं, तिथं सगळं बरंच असणार असं तो धरून चालत होता. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमका त्यांच्याच बाबतीत तो चुकणार होता. आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात कदाचित काहीतरी सुरू झालं होतं. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी कळल्या. यातली कुठली आधी टोचली असेल? अण्णांची नाही. हे सांगायला जड जातंय, पण अण्णांची नाही.

सर आत आले. पुण्यात बड्या लोकांपुढे हे काम मांडायचं होतं, दिवस जवळ आला होता. कॉलेजात माझी नोकरी कायम करण्याचं बोलणंही याच कामावर अडलं होतं. हे तुम्हाला कारण म्हणून सांगत नाहीये. त्या क्षणी डोक्यात हे होतं, म्हणून सांगतेय. सरांनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, हे एकच वेगळं कसं?

"हलले ते, सर," मी म्हटलं.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सरांनी चित्रं उघडली असती तर तिथल्या तिथं मी पकडले गेले असते. पण त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मग काढून टाक, म्हणाले. हललेल्या माणसाची तपासणी धरायची नाही, असं आमचं ठरलेलंच होतं.

हे खोटं त्या खोलीतच राहिलं असतं तर? तर कदाचित मी आज हे सांगतही नसते, विसरूनही गेले असते. पण सर माणूस मोकळा. बाहेर जाताना अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून मजेत म्हणाले, "काय अण्णा, हललात की!"

अण्णांचा हात पटक्यावर होता तो तिथंच थांबला. त्यांनी सरांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "मी हललो?"

सर चेष्टा करतायत, एवढं म्हणायला काय लागत होतं? सर पुढे निघूनही गेले होते. पण मी काय म्हणावं? "थोडंसंच, अण्णा. होतं असं वयानं." वयानं! हा शब्द कुणी घातला माझ्या तोंडात? तिथं तो कुणीही मागितला नव्हता.

ते उठून उभे राहिले. "मग परत घाल की मला आत. ह्या बारीला मुंगी चावली तरी हलणार न्हाय."

पहिलं खोटं भीतीपोटी निसटलं असं तुम्ही म्हणाल, तुम्ही भले असाल तर. पण हे पुढचं? मला पक्कं माहीत होतं की अण्णा पुन्हा तसेच पडून राहतील, पापणीही न हलवता, आणि पुन्हा तेच चित्र येईल. मग मी सरांना काय सांगणार? मी म्हटलं, यंत्र मोकळं नाही, अण्णा. रविवार होता. यंत्र संध्याकाळपर्यंत मोकळंच होतं, आणि दारातून ते अण्णांनाही दिसत होतं. ते जेवायला घरीही आले नाहीत, तिथूनच स्टँडवर गेले. आईनं त्यांच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट संध्याकाळी मी खाल्लं.

पुढच्या शनिवारी अण्णा आले नाहीत, बाबांना फोन आला. "मास्तर, आता दुसरा माणूस बघा. आमचं अंग हलाय लागलंय. मिशिनात दिसलंय म्हणं." बाबा ऐकेनात. शिदू आणि हलला? शक्यच नाही, म्हणाले. फोन ठेवून मला विचारलं, खरंच गं? मी म्हटलं, बाबा, त्या यंत्रात सूतभर हललं तरी दिसतं. वाक्य खरं आहे, यंत्रात दिसतंच. किती बेमालूम खरं बोलले बघा! ज्यांनी जन्मभर समोर बसलेली माणसं नजरेनं मापली, त्यांनी त्या दिवशी आपल्या डोळ्यांपेक्षा लेकीवर भरवसा ठेवला. पुढच्या रविवारपासून खिडकीजवळच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसायला लागलं.

पुण्यात वाहवा झाली. नोकरी कायम झाली, घरी पेढे आले. पेढ्यांचा एक पुडा बाबांनी नेसरीला पाठवला.

आणि हे ऐका. वर्षभरात मी प्रोग्राममधली ती चूक दुरुस्त केली. जिथं शंका तिथं तो आता जास्त चित्रं घेतो, बघितल्याशिवाय काही धरून चालत नाही. वेळ थोडा वाढला, पण अजूनही चहा पिऊन होईस्तोवरच संपते तपासणी. दुरुस्ती जमली की नाही हे कशावर पडताळलं असेल मी? अण्णांच्याच चित्रांवर. काढून टाकली असं सरांना सांगितलेली ती चित्रं मी जपून ठेवली होती. नव्या प्रोग्रामनं तो मऊ भाग अगदी बरोबर दाखवला, आणि मी — मला आनंद झाला! खुर्चीतून उठून मी चक्क टाळी वाजवली. मग पुन्हा खाली बसले. ही सुधारणा कशी सुचली, असं नंतर एका सभेत कुणीतरी विचारलं. सहज सुचली, मी सांगितलं.

तेव्हा तरी नेसरीला जाता आलं असतं. अण्णांना एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवा, एवढं म्हणता आलं असतं. पण का, असं त्यांनी विचारलं असतं ना? मग ती चित्रं निघाली असती, मग ती का वगळली ते निघालं असतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

नेसरीहून बाबांच्या कानावर एकेक येऊ लागलं. शिदू एसटीतून भलत्याच गावी उतरला. म्हशींना पाणी दाखवलं की नाही, त्यावरून घरात भांडला. स्वतःच्या गल्लीत उभा राहून घर कुठलं ते विचारत होता. घरच्यांना वाटलं, चित्रांचं काम सुटलं म्हणून म्हातारा मुद्दाम तऱ्हेवाईकपणा करतोय. मुलगा ओरडायचा, सून टाकून बोलायची. डॉक्टरकडे नेलं ते फार उशिरा, आणि तोवर विस्मरणाचा आजार कुणालाही ओळखू येईल इतका वाढला होता. बाबा हे सगळं जेवताना आम्हाला सांगायचे. मी पानातलं वरण कालवत बसायची.

आधी कळून तरी काय झालं असतं, असं तुमच्या मनात आलं असेल. एका तपासणीवरून कुणी निदान करत नाही. त्या आजाराला मागं फिरवणारं औषधही नाही. सगळं खरं आहे. मी स्वतःला हे इतक्या वेळा ऐकवलंय की पाठ झालंय. पण घरच्यांनी त्यांना शिव्या घातल्या नसत्या. आणि आपण हललो नव्हतो, एवढं तरी अण्णांना कळलं असतं. त्यासाठी कुठलं औषध लागत होतं?

यंदा दिवाळी झाल्यावर बाबांनी हट्टच धरला, मला शिदूला बघायचंय. मी गाडी काढली. नेसरीत घरापुढच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत अण्णा बसले होते. डोक्याला पटका, पण सैल, दुसऱ्या कुणीतरी गुंडाळलेला. नजर समोरच्या गोठ्याकडे. माशा होत्या पुष्कळ.

सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "सकाळधरनं असंच बसत्यात मामंजी. जेवाय उठा म्हटलं तरी उठत न्हाईत. मास्तरांनी सांगितल्याबिगर उठाय येत न्हाई, म्हणत्यात. आनि सारखं इचारत्यात, हललो काय, हललो काय. काय डोस्क्यात घेतलंय कुनास ठावं." आधी ती हसतच सांगत होती. मग तिनं पदर तोंडाला लावला.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. लहानपणी वेडावून दाखवताना राहायची तशीच, अगदी समोर. त्यांनी मान वळवली नाही. ओठसुद्धा धड न हलवता विचारलं, "हललो काय?"

बाबा शेजारी उभे होते. सून उभी होती. त्या दिवशीपण नाही हललात, अण्णा, मी खोटं बोलले — हे वाक्य घशाशी आलं होतं. खरंच आलं होतं. बाबांची बाही माझ्या हाताला लागली आणि ते परत खाली गेलं. "नाही अण्णा, अजिबात नाही," मी म्हटलं. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लेक म्हाताऱ्याचं मन राखतेय, असं वाटलं असणार त्यांना.

मग बाबा पुढे झाले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शिदू, ऊठ."

अण्णांचे खांदे खाली आले. सगळं अंग सैल झालं. ते हळूहळू उठले आणि सगळ्यात आधी माझ्याकडे वळले. मी वाट बघत होते — आता माकड म्हणतील. ते माझ्याकडे बघत राहिले, मोठ्या अदबीनं, आणि म्हणाले, "पावणं कुठलं म्हणायचं?"

परत येताना गडहिंग्लज मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "शेवटी शेवटी हलायला लागला होता ना बिचारा. तिथूनच सुरुवात झाली असणार बघ."

मी हं म्हटलं आणि गिअर बदलला.

अण्णा हलले नव्हते. मी काचेतून शेवटपर्यंत बघत होते.